एकोणचाळीस पावलं

रविवार, २१ जानेवारी १९२३. सकाळी आठ वाजून तेवीस मिनिटं झाली असताना सुभाना खोराटे धावला.

शर्यत चालण्याची होती. सात मैल. तिचा कायदा एका ओळीत सांगता येतो: पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकल्याशिवाय मागच्या पायाच्या अंगठ्यानं जमीन सोडता कामा नये. दोन्ही पाय एकदम अधांतरी झाले की ते धावणं, आणि धावला तो बाद. सुभाना नऊ वर्षं या शर्यती जिंकत आला होता. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, दोनदा मुंबई. या नऊ वर्षांत एकाही पंचानं त्याला साधी ताकीद दिली नव्हती. त्या सकाळी दुसऱ्या नंबरचा हवालदार त्याच्या अर्धा मैल मागे होता. फीत साठ पावलांवर होती. कुणी आडवं आलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती.

आधी त्याचे कोपर खाली आले. मग गुडघे वाकले. आणि बांधावरून गुरामागं पळावं तसा तो रस्त्याच्या मधोमध, मुख्य पंचांच्या अगदी नाकासमोरून पळत गेला, फीत छातीनं तोडली आणि पलीकडे कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

बँड वाजतच होता.

"धावला रं!" तलावाच्या कठड्यावरून कुणीतरी ओरडलं. "सुभाना धावला!"

"येडा का खुळा? हितं येऊन?"

"आगा, पोटात कळ आली आसंल त्येच्या."

त्यावर हसू पिकलं, आणि मग शिट्ट्या सुरू झाल्या.

मुख्य पंच फर्नांडिस मास्तर. बेळगावच्या एका शाळेत ते कसरत शिकवायचे, आणि चालण्याच्या शर्यतीचा कायदा त्यांच्याइतका आमच्या भागात कुणालाच ठाऊक नव्हता. लाल निशाण त्यांच्या काखेत होतं. मी घड्याळाकडे बघत होतो म्हणून सांगतो, ते वर करायला त्यांना अकरा सेकंद लागले. निशाण वर धरून ते माझ्याकडे वळले.

"बिवलकर, तुम्ही पाहिलंत ना? मी बरोबर पाहिलं ना?"

"धावला," मी म्हणालो.

"मुद्दाम धावला, बाबा. मुद्दाम."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून तळेगिरी संस्थानात आलो होतो. दुपारी बाराच्या आत तार गेली तरच सोमवारच्या अंकात बातमी लागणार होती. हातात साडेतीन तास होते आणि मला काहीच कळत नव्हतं.

सुभाना तळेगिरीच्या मोजणीखात्यात साखळीवाला होता. जमीन मोजायची लोखंडी साखळी सहासष्ट फुटांची असते. ती ओढणारा तो साखळीवाला. पण डोंगरकपारीत, ओढ्याच्या घळीत साखळी पसरता येत नाही. तिथे खातं सुभानाला चालवायचं आणि त्याच्या पावलांचा आकडा नकाशावर घ्यायचं. शंभर पावलं झाली की तो एक बोट मिटायचा. दहा बोटं मिटली की हजार. आदल्या नोव्हेंबरात त्याच्यावर लेख लिहायला मी मोजणीच्या तळावर गेलो होतो. त्याचे वरिष्ठ, नाडगौडा सर्व्हेअर, यांनी माझ्यासमोर मैदानात पाच साखळ्या टाकल्या. सुभाना शर्यतीच्या चालीनं निघाला. नव्व्याण्णवाव्या पावलाची त्याची टाच पाचव्या साखळीच्या खुंटीवर पडली. खुंटीजवळ नाही, खुंटीवर.

"चाळीस इंच," नाडगौडा म्हणाले होते. "शर्यतीचं पाऊल चाळीस, कामाचं तीस. चौदा वर्षांत मी यात फरक पाहिला नाही. माझी साखळी उन्हात वाढते, हा वाढत नाही."

सुभाना लाजून म्हणाला होता, "पाय हायेत, त्येनला कुठनं आलंय ऊन?"

त्या दिवशीच्या शर्यतीला एक खास महत्त्व होतं. मुंबईच्या क्रीडा कमिटीनं कळवलं होतं की मोजलेल्या रस्त्यावर, जाणत्या पंचांसमोर कुणी सात मैल पंचावन्न मिनिटांच्या आत चालला, तर त्याला उन्हाळ्यात विलायतेच्या शर्यतींना पाठवू. आमच्या मुलखातला माणूस आजवर तिथे गेला नव्हता. सुभानाला ते हवं होतं. नोव्हेंबरात त्यानं मला विचारलं होतं, बोटीवर चालायला जागा असती का.

शर्यतीच्या सकाळी तो सात वाजता मोजणीखात्याच्या लॉरीतून नाडगौडांबरोबर उतरला. तळ चौदा मैलांवर होता आणि रजा एकाच दिवसाची. त्यामुळे रस्ता त्यानं आधी पायाखाली घातलेला नव्हता. तलावाभोवतीचा हा रस्ता संस्थाननं नुकताच बांधला होता. एक फेरी म्हणजे एक मैल, अशा सात फेऱ्या.

संस्थानच्या क्रीडाखात्याचे सेक्रेटरी अण्णाजीपंत रिसबूड मांडवातून लगबगीनं पुढे आले. जरीचा रुमाल, तोंडात पान. त्यांनी सुभानाच्या पाठीवर थाप मारली.

"काय खोराटे! आज रेकॉर्ड होणार म्हणजे होणार. सगळी व्यवस्था केलेली आहे."

"कसली व्यवस्था, साहेब?"

"ते तू आमच्यावर सोड. सरकार स्वतः येऊन बसलेत. तू फक्त चाल." आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. "काय बिवलकर, मथळा तयार ठेवा."

सुभाना हसला नाही. का हसला नाही, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थानात तो सात मैल त्रेपन्न मिनिटांत चालला होता. तो आकडा मला पटेना म्हणून मी तिथे मुक्काम वाढवला, भाड्यानं माणसं घेऊन रस्ता मोजला. तो साडेसहा मैल निघाला. मी लेख लिहिला. मथळा होता 'सात मैल की साडेसहा?' लेखात सुभानाचा दोष कुठेही नव्हता. पण पुढे वर्षभर बाजारात त्याला 'साडेसहाचा सुभाना' म्हणत, हे मी ऐकून होतो.

साडेसातच्या ठोक्याला बार उडाला. अकरा माणसं निघाली. पहिली फेरी सुभानानं सात मिनिटं अडतीस सेकंदांत पुरी केली. फर्नांडिस मास्तर त्याच्या पायांवरची नजर न हलवता म्हणाले, "काय चाल आहे! पाय जमिनीला तेल लावल्यासारखे सरकतायत." रात्री रस्त्यावर पाणी मारलेलं होतं, धूळ नव्हती, हवेत गारठा होता. मी वहीत आकडे लिहीत गेलो. दुसरी फेरी सात एकेचाळीस. तिसरी सात चाळीस.

तिसऱ्या फेरीच्या शेवटी त्यानं आमच्याकडे मान वळवली. चालणारा माणूस शर्यतीत मान वळवत नाही. त्याच्या डाव्या हाताची बोटं मिटलेली होती आणि ओठ हलत होते.

चौथ्या फेरीला तो माझ्याजवळून जाताना बोलला. थांबला नाही, चाल मोडली नाही.

"बातमीदारसाहेब, हितं साखळी टाकली व्हती का?"

"हो, हो!" मी ओरडलो. "चल तू!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मांडवात बसलेल्या रिसबूडांकडे पाहिलं. रिसबूडांनी हसून रुमाल हलवला. मग तो पुढे गेला.

पाचवी सात बेचाळीस. सहावी सात एकेचाळीस. सातव्या फेरीत तो तलावाच्या वळणावरून दिसला तेव्हा लोक उभे राहिले. चोपन्न मिनिटांच्या आत, यात शंका नव्हती. रिसबूड मांडवाबाहेर आले, हारवाला पुढे सरकला. आणि साठ पावलांवर तो धावला.

लाल निशाण खाली आल्यावर रिसबूड त्याच्या अंगावर धावून गेले.

"अरे मेल्या, हे काय केलंस? सरकारांसमोर! मुंबईला काय तार करू मी? काय तार करू?"

"धावला म्हणून करा," सुभाना म्हणाला.

"माज आलाय तुला! उतरवतो, थांब!"

नाडगौडा मध्ये पडले. त्यांनी सुभानाला मांडवामागे नेलं. मीही गेलो. तो जमिनीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. श्वास शांत होता. चेहऱ्यावर मला अपेक्षित होतं तसं काहीच नव्हतं. उलट एखादं काम उरकल्यासारखा तो दिसत होता.

"सुभाना, का?" नाडगौडांनी विचारलं.

"वाट कमी हाय, साहेब."

"काय?"

"फेरीला पंधराशे चौऱ्याऐंशी पावलं भरायला पायजेत. चाळीस इंचानं मैलाची तेवढी व्हत्यात. पंधराशे पंचेचाळीस भरली. पैल्या फेरीला वाटलं, माझं चुकलं. दुसरीला बी तेवढीच. तिसरीला बी. दर फेरीला एकोणचाळीस पावलं कमी. सात फेऱ्यांचं धरलं तर तीनशे यार्ड गेलं."

मी वही काढली होती. माझा हात थांबला नाही.

"मग शर्यत झाल्यावर सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"कुणाला? सरकारांच्या म्होरं? रिसबूडसाहेबांस्नी?" तो मान हलवत म्हणाला. "आन् तंवर टायम लिहून झाला आसता. सांजच्याला मुंबईला गेला आसता. मग तुमी आला आसता साखळी घिऊन." तो माझ्याकडे बघत नव्हता, बुटाकडे बघत होता. "मागच्या बारीला बी म्या मोजलं व्हतं. तवा बी कमी भरलं. पर गप बसलो. म्हटलं, मोठी मानसं हायेत, त्येंनी मोजलं आसंल. मग तुमी लिवलं. खरंच लिवलं तुमी, माझी काय तक्रार न्हाई. पर आता पुन्यांदा न्हाई. धावलो की टायमच राहत न्हाई. मग खोटं ठरायला बी काय राहत न्हाई."

"पण मी तुला चौथ्या फेरीला सांगितलं, साखळी टाकली आहे म्हणून."

"टाकताना तुमी व्हता का?"

"नाही."

"मग?"

मी शनिवारी संध्याकाळी आलो होतो. रस्ता मोजलाय का, असं रिसबूडांना विचारलं होतं, ते हो म्हणाले होते, आणि आम्ही जेवायला बसलो होतो.

"तुमच्या तोंडावरनंच कळलं," सुभाना म्हणाला. "तुमी बघितल्यालं सांगताना आसं सांगत न्हाई."

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या हातात मोठी बातमी होती. रेकॉर्ड व्हावा म्हणून एका संस्थाननं रस्ता चोरला, आणि तो चोरलेला रस्ता एका साखळीवाल्यानं चालता चालता पकडला. फक्त मोजणी हवी होती. नाडगौडांची साखळी लॉरीत होतीच. फर्नांडिस मास्तरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी पंच आहे, मी खुंट्या मारतो." सुभानाला लॉरीजवळ भाकरी खात बसवून आम्ही तिघं निघालो.

कठड्यावर अजून माणसं होती.

"आता हे काय मोजत्यात?"

"सुभानाची अक्कल."

रिसबूडही मागून आले. मला वाटलं होतं, ते अडवतील. ते पानाची पिंक टाकून म्हणाले, "मोजा, मोजा. इंजिनिअरसाहेबांनी शुक्रवारी मोजून दिलाय रस्ता. आता तुम्ही मोजा. उद्या पोस्टमन मोजेल."

मैल म्हणजे ऐंशी साखळ्या. नाडगौडा पुढचं टोक धरून चालत होते, मी मागचं. फर्नांडिस मास्तर प्रत्येक साखळीला खुंटी मारत आणि मोठ्यानं आकडा म्हणत. सत्तराव्या साखळीला मी मांडवाकडे पाहिलं. मांडव अजून लांब होता. मला वाटलं, माझी नजर चुकते आहे. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. मास्तरांचा आवाज बारीक होत गेला. ऐंशीची खुंटी त्यांनी मारली तेव्हा शेवटची रेघ खुंटीच्या पुढे दीड फूट होती.

फेरी कमी नव्हती. दीड फूट जास्त होती.

नाडगौडांनी साखळी कडी न् कडी तपासली, गाठ नव्हती, वळ नव्हता. मग आम्ही उलट्या बाजूनं पुन्हा मोजायला लागलो. या वेळी कुणी आकडा मोठ्यानं म्हटला नाही. ऐंशी साखळ्या आणि नऊ इंच.

फर्नांडिस मास्तर रस्त्यावरच बसले. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. त्रेसष्ट हजार तीनशे साठ इंच भागिले पंधराशे पंचेचाळीस.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "पाऊल एक्केचाळीस इंच पडलंय. सगळ्या सात फेऱ्या."

"अशक्य," नाडगौडा म्हणाले.

"मग साखळी खोटी म्हणा. आजवर तो कसल्या रस्त्यांवर चालला? खडी, धूळ, बैलगाडीच्या चाकोऱ्या. आणि हा बघा." मास्तरांनी तळहात रस्त्यावर फिरवला. "काय रिसबूडसाहेब, व्यवस्था व्यवस्था म्हणत होतात ती हीच ना?"

"मग कसली असणार?" रिसबूड म्हणाले. "मुंबईहून रोलर आणवला. तीन रात्री पाणी मारलं. माझे गुडघे गेले या रस्त्यापायी." आणि मग त्यांनाही ते उमगलं. त्यांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "म्हणजे... तो खरोखरच चालला होता?"

चोपन्न मिनिटांच्या आत, पूर्ण सात मैल, आणि वर काही फूट. आमच्या देशात तोवर कुणी तसा चाललेला नव्हता. साठ पावलं राहिली होती.

"त्याला सांगू नका," नाडगौडा एकदम म्हणाले. "हात जोडतो. रस्ता कमी होता असं समजून तो घरी जाऊ दे."

"खोटं सांगू?" मी म्हणालो.

"काहीच सांगू नका. त्याच्या पावलाचा त्याला भरवसा आहे म्हणून तो माणूस उभा आहे. भरवसा गेला तर शर्यत सोडा, तो घराच्या पायऱ्यासुद्धा उतरायचा नाही."

"आणि विलायत?" फर्नांडिस मास्तर उसळले. "महिन्याभरात पुन्हा शर्यत घेऊ. याच रस्त्यावर. हा माणूस पुन्हा चालेल. पण का चालायचं ते त्याला कळलं तर पाहिजे!"

सुभाना लॉरीच्या सावलीत हात धुऊन उभा होता. आम्हाला येताना पाहून त्यानं तोंड पुसलं. त्यानं नाडगौडांना विचारलं नाही, मास्तरांनाही नाही. त्यानं मला विचारलं.

"मोजलंसा?"

"मोजलं."

"तुमच्या हातानं?"

"एक टोक माझ्याच हातात होतं."

"किती कमी भरली?"

नाडगौडांनी माझा दंड धरला होता. मी म्हणालो, "कमी नाही, सुभाना. फेरी पुरी मैलाची आहे. दोनदा मोजली."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी बघितलेलं सांगतो आहे, हे त्याला माझ्या तोंडावरून कळलं असणार. त्यानं एकदा नाडगौडांकडे पाहिलं. नाडगौडांनी मान खाली घातली.

"मग पावलं?"

"पाऊल इंचानं लांबलं," फर्नांडिस मास्तर पुढे येऊन म्हणाले. "चांगल्या रस्त्यावर लांबतं, बाबा. त्यात वाईट काही नाही! उलट तू..."

"साखळी टाका," सुभाना म्हणाला.

"आता?"

"पाच साखळ्या टाका, साहेब. ह्याच रस्त्यावर."

नाडगौडांनी टाकल्या. सुभानानं पुन्हा बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या. कठड्यावरची माणसं आता हसत नव्हती. त्यांनाही काहीतरी कळलं होतं. तो शर्यतीच्या चालीनं निघाला, कोपर वर, कंबर सैल, तीच चाल. मी त्याच्या बाजूनं पळत होतो. नव्व्याण्णवावं पाऊल पडलं. टाच पाचव्या खुंटीवर होती.

चाळीस इंच. केसाचाही फरक नाही.

"बगा," तो म्हणाला. आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं. तो पायाकडे बघत होता.

"आता तू मोजून चाललास, म्हणून चाळीस पडलं," मास्तर कळवळून म्हणाले. "शर्यतीत तू जोरात होतास. अरे, तुला कळलंसुद्धा नाही आणि ते एक्केचाळीस पडत गेलं!"

"मला न कळता?"

"हो ना."

"माझं पाऊल? मला न कळता?" त्यानं हे मास्तरांना विचारलं नव्हतं. "दहा हजार पावलं टाकली. येकदा बी कळू नये?"

रिसबूड मागे उभे होते. सकाळचा त्यांचा आवाज आता राहिला नव्हता. ते म्हणाले, "खोराटे, पुढच्या महिन्यात परत घेऊ. मी सरकारांशी बोलतो. झालं गेलं."

"न्हाई साहेब," सुभाना म्हणाला. मग रुमालात भाकरीची उरलेली कोर बांधून तो नाडगौडांकडे वळला. एवढ्या हलक्या आवाजात त्यानं विचारलं की शेजारी असून मला ते जेमतेम ऐकू आलं.

"साहेब, सातवण्याच्या डोंगरात म्या मोजलं तवा कोण व्हतं संगट?"

"कुणी नव्हतं. का?"

"तितं बी साखळी न्हवती."

तो काय विचारतो आहे हे नाडगौडांना माझ्याआधी कळलं.

तार ऑफिसात मी अकरा पंचेचाळीसला पोचलो. तार अशी होती: 'तळेगिरी चालण्याची शर्यत. सुभाना खोराटे शेवटच्या टप्प्यात धावल्याने बाद. हवालदार साबळे पहिला, अठ्ठावन्न मिनिटे सहा सेकंद.' यात एकही शब्द चुकीचा नव्हता. बाकीचं लिहायचा किंवा सांगायचा धीर मला पुण्याला पोचल्यावरही झाला नाही. संपादकांनी विचारलं, "धावला का?" मी म्हणालो, "त्यानं सांगितलं नाही." ते खोटं होतं. कामावर बोललेलं तेवढं एकच मला आठवतं.

शर्यतीत तो पुन्हा दिसला नाही. फर्नांडिस मास्तर दोनदा तळावर जाऊन आले. दुसऱ्या खेपेला परत येऊन त्यांनी मला सांगितलं, "चालतो, पण खाली बघून चालतो. प्रत्येक पाऊल बघतो. असा माणूस सात मैल काय, सात फर्लांग चालायचा नाही."

पुढचं मला नाडगौडांच्या पत्रांतून कळलं. एप्रिल १९२३ मध्ये सुभानानं कारकुनाकडून अर्ज लिहवून घेतला आणि खाली अंगठा उमटवला. चौदा वर्षांत त्याच्या पावलांवर एकोणतीस गावांचे नकाशे झाले होते. त्या सगळ्या गावांची साखळीनं फेरमोजणी व्हावी, अशी त्याची मागणी होती. 'माझे पाऊल मला न कळता वाढते असे पंचांसमक्ष दिसून आले. त्यायोगे कोणाच्या जमिनीचे नुकसान झाले असल्यास ते माझ्या नावे लिहावे,' असं त्यात होतं. नाडगौडांनी तो अर्ज वर्षभर दाबून ठेवला. सुभानानं दुसरा केला. मग तिसरा, थेट सरकारांना. १९२४ च्या पावसाळ्यानंतर मोजणी मंजूर झाली. साखळी ओढायला त्यानं स्वतःचंच नाव दिलं. १९२६ च्या उन्हाळ्यात नाडगौडा वारले. त्यांच्या शेवटच्या पत्रात या मोजणीबद्दल एक अक्षरही नव्हतं.

संस्थान विलीन झाल्यावर दप्तरं जिल्ह्याच्या ठिकाणी आली. गेल्या महिन्यात, म्हणजे ऑगस्ट १९५२ मध्ये, मी तिथे चार दिवस बसून ती पाहिली. फेरमोजणीची एकोणतीसांपैकी तीनच गावांची पुडकी आहेत. पहिल्या गावाचा पावलांचा आकडा साखळीशी जुळतो. दुसऱ्याचाही जुळतो. तिसरं गाव सातवणे. पुडक्यावर ९ मार्च १९२५ ही तारीख आहे, दोरा बांधलेला आहे, आत कागद नाही. साखळीवाल्यांच्या हजेरीपटावर सुभाना खोराटेची हजेरी ९ मार्चपर्यंत भरलेली आहे. दहा तारखेपासून त्याच्या ओळीवर काही लिहिलेलं नाही, रजा नाही आणि गैरहजरही नाही.